परत आलेला नग

९ फेब्रुवारी

मामा,

साष्टांग नमस्कार. म्हणजे मनातल्या मनात. मी हे विमानाच्या पंखाखाली बसून लिहितोय, इथे खरोखर साष्टांग घातला तर शर्टाला इंजिनचं ऑइल लागेल.

मामी विचारेल, फोन करायचा सोडून हे पत्राचं खूळ कशाला. तिला सांग, मागच्या फोनवर सात मिनिटांत तू नऊ वेळा ‘हं’ म्हणालास, मी मोजले. पत्राला तरी तुला वाक्य लिहावं लागेल.

तर बातमी. ढगातून विमान चालवायचं शिकायला लागून दोन महिने झाले. बाहेर काही दिसत नसताना नुसत्या समोरच्या तबकड्या बघून उडवायचं, त्याचा वेगळा परवाना असतो. त्यासाठी चाळीस तास भरावे लागतात. पण ढग काय आपल्या सोयीनं येत नाहीत, म्हणून स्वच्छ दिवशी डोळ्यांवर झापड बांधतात. घोड्याला बांधतात तसंच, फक्त आपलं कपाळावरून पुढे येतं. खालच्या तबकड्या तेवढ्या दिसतात, खिडकी दिसत नाही. शेजारच्या सीटवर आमच्या बाई बसलेल्या. त्यांनी वीस वर्षं टपालाची विमानं चालवली आहेत, आणि त्यांचं तोंड म्हणजे आपल्या घरातल्या सगळ्या बायकांची बेरीज. त्याच बाई काल म्हणाल्या, झापड लावून इतकं सरळ उडवणारा पोरगा मी पाहिला नाही. त्याचं एक गुपित आहे, भेटल्यावर सांगेन.

घाई कसली ते तुला माहीत आहे. वीस एप्रिलला कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणीचा पदवीदान समारंभ. दोनशे किलोमीटर, आमच्या विमानानं सव्वा तास. मी तिला शब्द दिलाय की ढग असो नसो, मी आकाशातून येणार. ती म्हणाली बसनं ये, बस दर अर्ध्या तासाला आहे. तिला असं बोलायची सवय आहे.

आई विचारेलच, तर तिला सांग की कॉलेजकडे मी परत वळणार नाही. ज्या मास्तरानं भर प्रयोगशाळेत माझ्या मैत्रिणीला कॉपी करणारी म्हटलं, त्याच्या हाताखाली मी बसणार नव्हतो. ती बसली, पास झाली, ते तिचं.

तुझा,
भडक्या

२० फेब्रुवारी

चि. भडक्यास,

हं.

(हा दहावा. हिशोबात धर.)

पत्र मिळालं. मामीनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि ‘आकाशातून येणार’ या ठिकाणी दोनदा थांबली. तिचं म्हणणं, मला बघायला आले तेव्हा तुझे मामा सायकलवरून आले होते आणि तीही पंक्चर होती, तरी माझं अडलं नाही. तुझ्या तिचं बरोबर आहे. बसनं जा.

तू विचारत नाहीस, पण माझं बरं चाललंय. सकाळी सातलाच कारखान्यात जातो. सकाळी हात चांगला चालतो आणि खोलीत धूळ नसते. तुमच्या तबकड्यांमधलं जे मुख्य यंत्र, वर निळं खाली तपकिरी, विमान किती कललंय ते दाखवणारं, त्याच्या पोटात एक भोवरा असतो हे तुला लहानपणीच दाखवलंय. हवेच्या झोतानं फिरतो आणि विमान कसंही वाकडं झालं तरी आपला ताठ उभा राहतो. मी छत्तीस वर्षं ते भोवरे उघडतो, धुतो, मोहरीएवढ्या गोळ्या बदलतो आणि बंद करतो. आत माझ्या सहीची चिठ्ठी असते.

साठी झाली तेव्हा मालकांनी बोलावलं. म्हणाले, तुमचा एकही नग आजवर तक्रार होऊन परत आलेला नाही, तेव्हा वयाचं राहू द्या. ज्या दिवशी पहिला परत येईल त्या दिवशी बघू. ते हसत म्हणाले, मीही हसलो. पण ते थट्टेत बोलले नाहीत आणि मीही ते थट्टेत घेतलं नाही. घरी बसून मी काय करणार, मामीची डाळ निवडणार?

गुपित काय ते कळव. भेटीची वाट बघायला लावू नकोस.

आईला समजावलंय. ती समजली नाही.

तुझा मामा

१७ मार्च

मामा,

आज डोकं फिरलंय, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

एकतीस तास भरले होते. परवा सकाळी खरा ढग मिळाला, छान जाड, पांढरा. बाई म्हणाल्या चल, आज झापड नको. आत शिरलो आणि मिनिटभरात सगळं बिघडलं. निळ्या-तपकिरी क्षितिजाच्या त्या यंत्रानं दगा दिला. विमान सरळ असताना ते डावीकडे कललंय असं दाखवायला लागलं. मी सावरत होतो, पण वेग वाढत गेला, इंजिनाचा आवाज बदलला आणि बाईंनी माझे हात झटकून विमान स्वतःकडे घेतलं. ढगाच्या खालून बाहेर पडलो तेव्हा जमीन जिथे असायला हवी तिथे नव्हती, खिडकीत उभी होती.

उतरल्यावर बाईंनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, यंत्र चुकीचं दाखवत होतं. त्या म्हणाल्या मला तसं वाटलं नाही, पण उजव्या सीटवरून ते तिरकं दिसतं, तुला शंका असेल तर वहीत लिही. मी लिहिलं. एकदा वहीत तक्रार आली की वाद घालायचा नाही, यंत्र काढायचं आणि दुरुस्तीला पाठवायचं, हा नियमच आहे. मेकॅनिकनं संध्याकाळी काढलं. विमानातल्या तबकड्यांमध्ये आता एक गोल भोक आहे.

परीक्षा बारा एप्रिलला होती, ती आता पुढे जाईल. तिला काय सांगू? मला त्या यंत्राला लाथ घालावीशी वाटते.

भडक्या

२९ मार्च

चि. भडक्यास,

तू सुखरूप आहेस ना? मामी विचारतेय आणि मीही. पत्र वाचल्यावर ती देवासमोर जाऊन बसली आणि मी बाहेर चालून आलो.

आता सांगायचं ते सांगतो. तुमच्या फ्लाइंग क्लबचं ते यंत्र सोमवारी आमच्याकडे आलं. आतल्या चिठ्ठीवर माझी सही आहे. मागच्या ऑगस्टात मीच बंद केलेलं. म्हणजे माझा पहिला परत आलेला नग तो, आणि त्याच्यामागे बसलेला तू.

आमच्याकडे रीत अशी की परत आलेला नग ज्यानं केला त्याच्याच टेबलावर येतो. मी चार वेळा उघडला. हलत्या टेबलावर ठेवून डावीकडे कलवला, दोनशे वेळा तरी. हवा बंद करून भोवरा थांबेपर्यंत कान लावून बसलो, खरखर आहे का बघायला. एका अंशाचा फरक मिळत नाही. मालक म्हणाले, दोष आढळला नाही असं लिहून परत पाठवा. मी नाही म्हणालो. छत्तीस वर्षं मी एकच गोष्ट मानत आलोय की वैमानिक उगाच तक्रार लिहीत नाही. त्यानं बघितलं म्हणजे ते झालं. चूक आहे, मला दिसत नाही इतकंच. आणि ती ज्याला दिसत नाही त्यानं पुढच्या नगावर सही कशी करायची?

म्हणून नीट आठवून लिही. आत शिरल्यावर किती वेळानं झालं? हळूहळू कललं की एकदम? परत सरळ आलं का? तू माझा भाचा आहेस हे विसर आणि परक्या कारागिराला लिहितोस तसं लिही.

मामा

२ एप्रिल

मामा,

मी ठीक आहे, मामीला सांग.

इतकं मनावर घेऊ नकोस. तो तुझा नग असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, इतक्या कारखान्यांतून यंत्रं येतात. कदाचित हवेच्या नळीत काही अडकलं असेल. कदाचित पंप. नक्की आठवत नाही, सगळं फार पटकन झालं. मालक म्हणतात तसं लिहून टाक आणि पाठव.

परीक्षा सोळाला घेतायत. गडबडीत आहे.

भडक्या

९ एप्रिल

बाळा,

अनेक आशीर्वाद. मी पत्र लिहिते आहे हे ह्यांना माहीत नाही. कधी लिहीत नाही, तेव्हा चुका काढू नकोस.

तुझ्या पत्रानं काय झालं ते तुला कळावं म्हणून लिहिते. ‘नक्की आठवत नाही’ हे वाचून हे म्हणाले, पोरगा मला वाचवायला बघतोय. दुसऱ्या दिवशी ह्यांनी त्या यंत्रासोबतच्या कागदावर ‘दोष माझ्या कामात’ असं लिहून सही केली आणि एप्रन घडी करून मालकांच्या टेबलावर ठेवला. मालकांनी उचलून परत दिला तर घेतला नाही.

तेव्हापासून घरी आहेत. सकाळी पावणेसातला तयार होतात, मग चपला काढून परत बसतात. परवा मी खरंच डाळ निवडायला दिली, चेष्टेनं. मान खाली घालून सगळी निवडली. बाळा, मला ते बघवलं नाही.

मला तुमच्या भोवऱ्यातलं कळत नाही. पण मी तुला चार वर्षांचा असल्यापासून ओळखते. तू खरं बोलतोस तेव्हा पानंच्या पानं लिहितोस. आठ ओळींचं पत्र तुझं नाही. काही असेल तर ह्यांना सांग, आणि नसेल तर म्हातारीला माफ कर.

तुझी मामी

११ एप्रिल

मामा,

मामीला रागावू नकोस. तिनं मला कळवलं.

तुझं यंत्र बरोबर होतं. पहिली ओळ हीच लिहायची होती, पंचवीस दिवसांपूर्वी.

गुपित सांगतो. ते झापड माझ्या कपाळावर नीट बसत नाही. हनुवटी बोटभर वर केली की डाव्या खिडकीतून जमिनीची एक पट्टी दिसते. पहिल्यांदा चुकून दिसली. मग मला ती हवीच असायची. ढगाळ नसलं की खिडकीच्या चौकटीची सावलीसुद्धा तबकड्यांवर फिरते, विमान वळलं की तीही वळते, मी तिच्यावरही उडवलंय. बाई कौतुक करत होत्या आणि मी ते घेत होतो. एकतीस तासांतले किती तास खरे ते मला सांगता येणार नाही. वीस एप्रिल गाठायची होती आणि बाकीचं मागाहून शिकता येईल असं वाटलं.

मग खरा ढग आला. तिथे पट्टी नव्हती, सावली नव्हती, नुसतं पांढरं. तुझं यंत्र म्हणालं, डावीकडे कललायस. माझं अंग म्हणालं, सरळ बसलायस की. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ढगात अंग खोटं बोलतं, कानातला तोल फसतो, तबकडीवर विश्वास ठेव. पण मी तबकडीवर कधी विश्वास ठेवलाच नव्हता, ठेवायची वेळच येऊ दिली नव्हती. मी अंगाचं ऐकलं. तू विचारलंस ना, हळूहळू की एकदम. हळूहळू. शेवटपर्यंत बरोबर दाखवत होतं. मी बघत होतो आणि मानत नव्हतो.

उतरल्यावर बाईंच्या तोंडाकडे बघून मला ते सांगवलं नाही, म्हणून यंत्रावर ढकललं. यंत्राला काय वाटणार असं वाटलं. त्याच्या पोटात कुणाची सही असते हे मला ठाऊक होतं, लहानपणापासून. ती तुझीच निघेल हे नव्हतं ठाऊक. दुसऱ्या कुणाची असती तर मी आजही गप्प बसलो असतो. हेही तुला कळू दे.

आज सकाळी बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडतील अशी तयारी करून गेलो होतो. त्यांनी माझी उड्डाणांची वही पुढे सरकवली आणि लाल पेन दिलं. एकतीस तासांवर रेघ मी माझ्या हातानं मारली. मग त्या म्हणाल्या, “तू मला फसवलंस ते मी विसरेन. तू त्या माणसाचं नाव खराब केलंस, ते आधी नीट कर.” तुमच्या मालकांना क्लबकडून पत्र जातंय, की दोष वैमानिकाचा, यंत्राचा नाही. खाली माझं नाव आणि सही.

तू मला काय बोलायचं ते बोल. पण एप्रन परत घे.

भडक्या

२६ एप्रिल

चि. भडक्यास,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा काय म्हणालो ते लिहीत नाही. मामीला विचारू नकोस, तिनं तो शब्द माझ्या तोंडून लग्नानंतर प्रथमच ऐकलाय.

दोन दिवस तुझ्यावर इतका चिडलो होतो की जेवण जास्त गेलं. तू खोटं बोललास याचा राग कमी. मी त्या यंत्रात अकरा वेळा डोकं घातलं आणि नसलेली चूक शोधत बसलो, याचा जास्त. क्लबचं पत्र मालकांनी सगळ्यांसमोर वाचलं. आता आख्ख्या कारखान्याला ठाऊक झालंय की माझा भाचा कसला आहे. चहाच्या वेळी दोघा-तिघांनी हनुवटी वर करून दाखवली. मीही हसलो शेवटी. काय करणार.

एप्रन मालकांनी स्वतः पुढे केला. मी घेतला, पण घेण्याआधी त्यांना आत नेऊन एक गोष्ट सांगितली. ती तुला सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

माझा उजवा हात दोन वर्षं थरथरतो आहे. सकाळी नाही, दहानंतर. म्हणून मी सातला जातो. बारीक गोळ्या सकाळी बसवायच्या आणि दुपारभर नोंदी लिहीत असल्याचं दाखवायचं, हे माझं गुपित. मामीलासुद्धा वाटायचं मला पहाटेची आवड आहे. तुझी तक्रार आली तेव्हा मला चूक दिसली नाही तरी मी ती का मानली, ते आता लक्षात येतं. कधीतरी अशी तक्रार येईल याची मी वाटच बघत होतो. ऑगस्टातला तो नग चांगला होता. पण पुढच्या ऑगस्टातला चांगला असता याची मी खात्री देऊ शकत नाही, आणि त्याच्यामागेही कुणाचा तरी भाचा बसणार.

मालक म्हणाले, हात गेला असेल, कान गेला का? नाही म्हणालो. त्यामुळे आता गोळ्या दुसरा बसवतो. मी हलत्या टेबलाशी असतो. तयार झालेला प्रत्येक नग माझ्याकडे येतो, मी कलवून बघतो, भोवरा थांबेपर्यंत ऐकतो आणि मग सही करतो. बसवणाऱ्याची सही वर, माझी खाली. जुनं टेबल सुटलं याचं वाईट वाटतं. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी जुन्या जागेकडे पाठ करून बसलो. पण दहा वाजले की आता नोंदींची वही पुढे ओढून बसावं लागत नाही.

तुझं यंत्र कालच्या गाडीनं परत पाठवलंय. बाईंना माझा नमस्कार सांग. त्या बाई मला आवडल्या.

मामा

१४ जून

मामा,

शून्यापासून सुरू केलं. झापड आता बाई स्वतः बांधतात, मागून गाठ मारून, आणि डाव्या खिडकीला आतून पुठ्ठा लावतात. वर म्हणतात तुझ्या मामांनी सांगितलं तर काढीन. पहिल्या आठवड्यात मी इतका वाकडा उडत होतो की मेकॅनिकनं विचारलं, एवढ्या दिवसांत नक्की काय शिकलास. सव्वीस तास झालेत, आणि ते मोजून सव्वीस आहेत.

पदवीदानाला बसनं गेलो होतो, तुला सांगायचं राहिलं. बस वाटेत बंद पडली, पोचलो तेव्हा समारंभ संपून खुर्च्या उचलत होते. ती पायरीवर पदवीची गुंडाळी मांडीवर घेऊन बसली होती. आधी सगळं सांगितलं, हनुवटीपासून एप्रनपर्यंत. ती ऐकून म्हणाली, “कॉलेज तू माझ्यासाठी सोडलंस हेही असंच एक आहे बघ. मला भांडायला कुणी नको होतं, शेजारी बसून अभ्यास करायला हवं होतं.” मला एरवी राग आला असता. परतीची बस सुटेपर्यंत आम्ही बोलत होतो, आणि ती दर अर्ध्या तासाला असते म्हणून तीन सोडल्या. बाहेरून परीक्षा देता येते, त्याचा अर्ज तिनं पाठवलाय. भरला नाही अजून, पण टेबलावर आहे. आईला एवढ्यात सांगू नकोस, ती पेढे वाटेल.

आता आजचं. सकाळी खरा ढग होता. बाई म्हणाल्या, जायचं? आत शिरलो आणि तेच झालं. अंग म्हणालं सरळ, तुझा नग म्हणाला डावीकडे. अंग नुसतं म्हणत नाही मामा, ते ओरडतं, हात ओढतं. त्या वेळी मला बाईंचं शिकवणं आठवलं नाही. मला आठवलं की तू हा अकरा वेळा उघडलायस आणि दोनशे वेळा कलवलायस. मी हात हळू उजवीकडे नेला. वाटत होतं पालथा होईन. झालो नाही. अठरा मिनिटं आत होतो. बाहेर आलो तेव्हा धावपट्टी बरोबर नाकासमोर होती आणि बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. माझ्याकडे बघायची गरज वाटली नाही त्यांना.

परीक्षा ऑगस्टात. पास झालो की पहिल्यांदा तुला न्यायचंय. छत्तीस वर्षांत तू एकदाही विमानात बसला नाहीस हे बाईंना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. स्वच्छ दिवस बघून नेईन, घाबरू नकोस.

भडक्या

२२ जून

चि. भडक्यास,

पत्र दोनदा वाचलं, एकदा मामीला आणि एकदा एकट्यानं.

अर्ज भर. आईला मी काही बोललेलो नाही, पण मामी बोलली असावी, कारण तुझ्या आईचा फोन आला आणि ती उगाचच माझ्याशी गोड बोलत होती.

ऑगस्टात येतो. मामीचा विरोध होता, तो तीन दिवसांत मावळला. आता तिचा एवढाच प्रश्न आहे की विमानात स्वेटर लागतो का. भीती मला वाटते, ती काही लपवत नाही. उंच शिडीवर चढायचं असलं की मी दुसऱ्याला पाठवतो. तू मध्येच गप्प झालास तर मला जास्त भीती वाटेल, म्हणून बोलत राहा.

फक्त एक दुरुस्ती. स्वच्छ दिवस बघू नकोस. बाईंना विचार आणि त्या हो म्हणाल्या तर साध्या, शांत ढगाच्या दिवशी ने. एवढी वर्षं मी ज्या ठिकाणासाठी यंत्रं करत आलो, ते ठिकाण मी कधी पाहिलेलं नाही. तिथे काहीच दिसत नाही म्हणतोस. ते काहीच न दिसणं मला एकदा डोळ्यांनी बघायचंय.

खिडकीजवळची जागा दे, आणि तो पुठ्ठा काढून ठेव.

मामा